कुजण्यासाठी विणलेली जाळी

बांधकामाचा माल जितका जास्त टिकेल तितका चांगला, असं आपण धरून चालतो. काथ्याच्या भूवस्त्राला हा हिशेब लागू पडत नाही. डोंगरउतारावर, ओढ्याच्या काठावर किंवा भरावावर अंथरलेली ही जाळी दोन ते पाच वर्षांत कुजून मातीला मिळते आणि तिने तसं कुजावं, हीच अपेक्षा असते. तोवर गवताची मुळं खोल गेलेली असतात. पुढची राखण त्यांच्याकडे.

हे विणकाम मुख्यतः केरळातल्या अलप्पुळा परिसरातलं. जेम्स डॅरा या आयरिश वंशाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने १८५९ मध्ये इथे काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. पायपुसणी आणि चटया विणणाऱ्या त्याच मागांवर पुढे मातीसाठी जाळी विणली जाऊ लागली.

धागा काढण्याची जुनी रीत चिकाटीची. हिरव्या नारळांची सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने बुडवून ठेवायची. जिवाणू धाग्यांना जखडणारा गर खातात आणि धागा सुटा होतो. त्या कुबट पाण्यातून सोडणं काढून दांडक्याने ठोकणं, धागा पिंजणं, सुंभ वळणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी बायकांनी केली. आज बराच धागा यंत्रावर निघतो, पण अलप्पुळाचं नाव त्या हातांनी झालं हे विसरून चालणार नाही. वळलेला दोनपदरी सुंभ मागावर विरळ विणला की भूवस्त्र तयार. चौरस मीटरला ४००, ७०० किंवा ९०० ग्रॅम अशी त्याची वजनं असतात. उतार जितका खडा, तितकी जाळी जड घेतात.

काथ्यात सहज न कुजणारं लिग्निन ४० टक्क्यांहून अधिक असतं, तागात १२-१३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तागाची जाळी एक-दोन पावसाळ्यांत विरते, काथ्याची ओल सोसत उभी राहते.

पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण सुटतात आणि वाहतं पाणी ते घेऊन जातं. जाळी तो मारा झेलते. तिचा प्रत्येक आडवा सुंभ इवल्या बांधासारखा पाणी थोपवतो आणि त्याच्या मागे माती, बी अडतं. काथ्या ओलही धरतो, त्यामुळे पावसाने दडी मारली तरी कोंब तग धरतात.

मात्र अंथरण्यात हयगय झाली तर सगळा खर्च वाया. आधी उतार सारखा करायचा, दगड-खुंट काढायचे, बी पेरायचं. माथ्यावर फूटभर खोल चर खणून जाळीचं टोक त्यात पुरायचं आणि गुंडाळी वरून खाली सोडायची. शेजारच्या पट्ट्या १५ सेंटिमीटर एकमेकींवर चढवून खुंट्या ठोकायच्या. जाळी ताणायची अजिबात नाही. ताणलेली जाळी खळग्यांवर अधांतरी राहते आणि तिच्याखालून पाणी ओघळी पाडत जातं.

तिच्याकडून काय होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथे दरड कोसळली, माणसं गेली. खोलवरून सुटणारा डोंगर कोणतीही जाळी धरून ठेवू शकत नाही. तिचं काम वरच्या मातीपुरतं. कोकणात रस्त्यांसाठी कापलेले लाल मातीचे उतार दर पावसाळ्यात गटारं भरून टाकतात. तिथे ती नक्की उपयोगी पडेल.

२०२० मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सात राज्यांतल्या १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याचं भूवस्त्र वापरायचं ठरवलं. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले ३२८ किलोमीटर होते. रस्त्यात हे भूवस्त्र मऊ माती आणि खडी यांच्यामध्ये अंथरतात, म्हणजे खडी रुतत नाही आणि पाणी झिरपून जातं. केरळने तर रोजगार हमीच्या कामांत ओढे, तळी आणि कालवे यांच्या काठांना ते लावलं. रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची योजना, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत नारळ आहे. वेंगुर्ल्यात काथ्याकाम करणाऱ्या बायकांची सहकारी संस्थाही आहे. तरीही आपल्याकडे सोडणं चुलीत जातात.

कोकणातल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या आराखड्यात निदान एका ओढ्याचा काठ आणि एक उघडा उतार यांसाठी भूवस्त्राची मागणी नोंदवावी. अंथरणी उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी व्हायला हवी.