ड्रम अँड बेस : तळापासून ऐकायचं संगीत

ड्रम अँड बेस पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण एकच तक्रार करतात : फार पळतंय. नेहमीचं हाउस संगीत मिनिटाला १२५च्या आसपास ठोक्यांनी चालतं, हे १७० ते १७६नी. तक्रार खोटी नाही, पण ती अर्ध्याच संगीताबद्दल आहे. उरलेलं अर्धं खाली असतं, संथ असतं, आणि माझ्या मते या संगीताचा खरा आनंद तिथेच आहे.

ठाय आणि दुगुन

वर ड्रम १७४च्या गतीने धावतात, तेव्हा खालचा बेस बहुधा त्याच्या निम्म्याने, म्हणजे ८७च्या चालीने चालतो. बेस ठाय लयीत, ड्रम दुगुनीत, असं म्हटलं तर आपल्याकडे ते लगेच कळेल. नवख्या श्रोत्याने मान ड्रमबरोबर हलवायचा प्रयत्न करू नये, दमछाक होते. बेसबरोबर हलवावी, म्हणजे वरची धावपळ आपोआप जागेवर बसते.

ठेका समजून घ्यायला केरव्यासारख्या आठ मात्रा मोजा. सर्वांत प्रचलित रचनेत किकचा जड ठोका पहिल्या आणि सहाव्या मात्रेवर, तर स्नेअरचा कडक ठोका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. पाचवीवर अपेक्षित असलेली किक एक मात्रा उशिरा, सहावीवर येते. त्या एवढ्याशा विलंबाने सगळा ठेका पुढे झुकल्यासारखा वाटतो. या आठ मात्रा दीड सेकंदाच्या आत संपतात, म्हणून सुरुवातीला मोजताना चुकायला होतं. गती कमी करून ऐकायची सोय असेल तर जरूर वापरावी.

आणि हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. बेसचा तळ ४० ते ६० हर्ट्‌झच्या आसपास असतो; तो स्वर त्या चिमुकल्या स्पीकरातून निघतच नाही. बरे हेडफोन लावले नाहीत तर अर्धी रचना तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

सात सेकंदांचा ठेका

१९६९ साली अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या सोल बँडने ‘कलर हिम फादर’ हे गाणं काढलं. ते गाजलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना होती. तिच्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटा चार बार, म्हणजे वरच्यासारख्या आठ मात्रांची चार आवर्तनं, वाजवतो. असा सुटा ठेका म्हणजे ‘ब्रेक’. जेमतेम सात सेकंद. तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये त्याने स्नेअर किंचित पुढेमागे सरकवला आहे आणि शेवटाकडे एक झांज फुटते. या संगीताचा सगळा डोलारा त्या चार बारांवर उभा आहे.

१९८६मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या तबकड्यांच्या मालिकेत ही रचना पुन्हा आली आणि हिप-हॉपवाल्यांच्या हाती लागली. थोड्याच वर्षांत लंडनच्या तरुणांकडे अकाईचे सॅम्पलर आले. त्यांनी हा तुकडा यंत्रात भरला, त्याची गती वाढवली, एकेक ठोका सुटा कापला आणि हवा त्या क्रमाने पुन्हा जोडला. मूळ वादनाची गती १३५-१४०च्या घरात होती. ती १६०वर गेली, मग १७०वर. माणसाच्या हाताने वाजणं अशक्य असे ठेके त्यातून निघाले, तरी प्रत्येक ठोक्यात कोलमनच्या हाताचा कस शाबूत राहिला. संगणकात आयते बनवलेले ड्रम कितीही स्वच्छ असले, तरी त्यांत ही ऊब क्वचितच सापडते.

कोलमनला यातून एक पैसाही मिळाला नाही. २००६मध्ये तो अटलांटात वारला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड त्यांना दिले. ज्याने वाजवलं त्याच्यापर्यंत मात्र काहीच पोचलं नाही. या संगीतावर प्रेम करणाऱ्याला कोलमनचं नाव ठाऊक असायलाच हवं.

लंडन, छतावरचे ट्रान्समीटर

चेरिंग क्रॉस स्थानकाखालच्या हेवन क्लबमध्ये ‘रेज’ ही साप्ताहिक रात्र १९८८च्या सुमारास सुरू झाली. तिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोन डीजे अमेरिकन टेक्नो आणि ब्रेकबीट एकत्र मिसळून वाजवू लागले. त्यांच्यासमोर नाचणाऱ्यांत भावी निर्माता गोल्डी होता, केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजे मैत्रिणीही होत्या. पुढे याच तिघांनी १९९४मध्ये ‘मेटलहेड्‌झ’ हे लेबल उभं केलं.

बेस आला जमैकातून. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबांनी साउंड सिस्टिमची परंपरा बरोबर आणली होती : माणसापेक्षा उंच स्पीकरांच्या भिंती, रेगे आणि डब, माइकवर बोलणारा एमसी. त्या घरांतली मुलं आणि रेव्हला, म्हणजे रात्रभराच्या नाच-मेळ्यांना, जाणारी गोरी मुलं कोलमनच्या त्याच तुकड्यावर एकत्र आली, तेव्हा ‘जंगल’ हे ड्रम अँड बेसचं आद्य रूप जन्माला आलं. १९९२ ते ९४ हा त्याचा बहर.

मोठ्या रेडिओ केंद्रांवर हे फारसं वाजत नव्हतं. हॅकनीतून १९९१मध्ये सुरू झालेल्या ‘कूल एफएम’सारख्या विनापरवाना केंद्रांनी उंच इमारतींच्या गच्चीवर ट्रान्समीटर लावले आणि ते घराघरांत पोचवलं. सरकारी माणसं ट्रान्समीटर उचलून न्यायची, मग नवा लागायचा. १९९४च्या फौजदारी न्याय कायद्यात तर पुनरावृत्त ठोक्यांच्या संगीताची व्याख्या करून उघड्यावरच्या रेव्हवर बंधनं घालण्यात आली. त्याच साली एम-बीट आणि जनरल लेव्ही यांचं ‘इन्क्रेडिबल’ हे जंगल-गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत होतं!

डबप्लेट आणि रिवाइंड

निर्माता रात्री रचना पूर्ण करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिची एकच अ‍ॅसिटेट तबकडी कापून घ्यायचा. लंडनचं ‘म्युझिक हाउस’ यासाठी प्रसिद्ध होतं. ही डबप्लेट. काही डझन वेळा वाजली की तिच्या खाचा झिजतात. त्यामुळे नवी रचना महिनोन्‌महिने फक्त निवडक डीजेंकडे असायची आणि ती ऐकायची तर त्यांच्या रात्रीला जावंच लागायचं. लोकांना रचना फार आवडली तर ते ओरडतात, भिंत बडवतात, आणि डीजे तबकडी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. हा रिवाइंडही जमैकाचाच वारसा, आपल्या मैफलीतल्या ‘वन्समोअर’चा भाऊ. फाइलींच्या जमान्यात डबप्लेट नावालाच उरली आहे. रिवाइंड मात्र टिकून आहे.

डीजे नेमकं काय करतो

दोन गाण्यांची गती जुळवणं हे या कामातलं सर्वांत सोपं अंग. टेक्निक्स एसएल-१२००सारख्या टर्नटेबलवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येते, आणि आजच्या कंट्रोलरवर तर बटण दाबलं की जुळते. तरी सुरुवातीला कानाने जुळवायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. हेडफोनच्या एका कानात येणारं गाणं, दुसऱ्या कानाने खोलीतलं, आणि दोन्ही स्नेअर एकावर एक पडेपर्यंत धीर धरायचा. ज्याला हे येतं त्याला ठेका आतून कळलेला असतो.

अवघड असतं ते बार मोजणं. ड्रम अँड बेस १६ आणि ३२ बारांच्या खंडांत बांधलेलं असतं. १७४च्या गतीला १६ बार म्हणजे सुमारे २२ सेकंद, ३२ बार म्हणजे ४४. आधी प्रस्तावना, मग ताण वाढत जातो, मग क्षणभर सगळं थांबतं आणि बेस कोसळतो, हा ड्रॉप. पुढचं गाणं अशा क्षणी सुरू करायचं की त्याचा ड्रॉप आधीच्या गाण्याचा खंड संपतो नेमक्या त्या समेवर यावा. एक बार चुकला तरी नाचणाऱ्यांना कळतं, भले त्यांना ते शब्दांत सांगता येऊ नये.

दुसरं पथ्य बेसचं. दोन बेस एका वेळी वाजले की नुसता चिखल होतो. म्हणून नव्या गाण्याचा खालचा पट्टा मिक्सरवर आधी बंद ठेवतात आणि समेवर एकाचा बंद, दुसऱ्याचा खुला करतात. हे एवढं साधलं तरी घरच्या सरावात निम्मी लढाई जिंकलीच.

याच्या पुढची पायरी डबल ड्रॉप : दोन गाण्यांचे ड्रॉप एकाच समेवर. एकाचा बेस आणि दुसऱ्याची धून परस्परांना जागा देत असतील तरच ते शोभतं. यात डीजे अँडी सीचा हात धरणारा कोणी नाही. १९९२मध्ये ‘रॅम रेकॉर्ड्‌स’च्या स्थापनेत तो होता, आणि तीन-तीन टर्नटेबलवर त्याने वाजवलेले सेट ऐकणं हे शिकणाऱ्याला उत्तम शिक्षण आहे.

कुठून सुरुवात करावी

गोल्डीचा ‘टाइमलेस’ (१९९५). त्यातली शीर्षकरचना एकवीस मिनिटांची आहे आणि डायन शार्लमेनचा आवाज तिच्यावर तरंगत राहतो. तिथून ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रझेंटच्या ‘न्यू फॉर्म्स’कडे जा, ब्रिटनमधला १९९७चा मर्क्युरी पुरस्कार याच अल्बमला मिळाला, आणि ‘ब्राउन पेपर बॅग’मध्ये खरा डबल बेस ऐकायला मिळतो.

मृदू, सुरेल बाज हवा असेल तर एलटीजे ब्यूकम, किंवा पुढच्या काळातल्या ‘लिक्विड’ या उपशैलीसाठी ‘हॉस्पिटल रेकॉर्ड्‌स’ची गाणी. काळोखी, यंत्रासारखं कुरकुरणारं हवं असेल तर एड रश आणि ऑप्टिकल यांचा ‘वर्महोल’ (१९९८). ब्राझीलच्या डीजे मार्की आणि एक्सआरएस यांचं ‘एलके’ उन्हासारखं प्रसन्न आहे. आजचं ऐकायचं तर निया आर्काइव्ह्‌ज : जुन्या जंगलचे ठेके आणि तिचा स्वतःचा गाता गळा.

होक्स्टनचे रविवार-सोमवार

१९९५च्या सुमारास पूर्व लंडनच्या होक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबमध्ये रविवारी मेटलहेड्‌झची रात्र असे. त्याच क्लबात सोमवारी ‘अनोखा’ भरे. ती चालवणारा ताल्विन सिंग हा लंडनमध्ये वाढलेला आणि पंजाबात जाऊन गुरूकडे तबला शिकलेला वादक. १९९७मध्ये ‘अनोखा’ नावानेच गाण्यांचा संग्रह निघाला, आणि १९९९चा मर्क्युरी पुरस्कार ताल्विनच्या ‘ओके’ला मिळाला. या संगीतात तबला शोभेपुरता आणलेला नाही. उजव्याचे बारीक, दाट बोल कापलेल्या ब्रेकशी खेळतात आणि डग्ग्याची मींड बेसच्या पट्ट्यात उतरते. पुढे मुंबईतही ‘बे बीट कलेक्टिव्ह’ या गटाने ड्रम अँड बेसच्या रात्री रंगवल्या. तबला शिकलेल्या कोणी डीजे व्हायचं मनात आणलं असेल, तर त्याने ‘अनोखा’ संग्रहातलं स्टेट ऑफ बेंगॉलचं ‘फ्लाइट आयसी ४०८’ आधी ऐकावं, हेडफोन लावून, आणि मान बेसबरोबर हलवत.