मुलांचा मलावरोध : दोष कोणाचा, कारण कोणतें?

एकत्र कुटुंबांत मुलाचें पोट हा साऱ्या घराचा विषय असतो. छत्रपती संभाजीनगरांतील पुंडलिकनगरांत असें एखादें घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. पांच वर्षांचा मुलगा चार-चार दिवस शौचास जात नाहीं, आणि तरी त्याची चड्डी मात्र रोज खराब होते. आजी एरंडेल पुढें करतात. काकू जुलाब समजून ताकभात देतात. आई आळशी म्हणून धपाटा घालते. तिघींचाही हेतु चांगला. पण कारण कोणींच शोधलेलें नाहीं.

मूल रोज शौचास गेलेंच पाहिजे असें नाहीं. अंगावर पिणारें तान्हें कांहीं दिवस न गेलें तरी, तें खेळत व वाढत असल्यास, चिंता नको. परंतु मोठें मूल महिनाभर आठवड्यांतून दोनदां किंवा त्याहून कमी वेळां जात असेल, किंवा जातांना रडत असेल, तर लक्ष घालावें.

बहुतेक मुलांच्या आंतड्यांत रोग नसतो. एकदां खडा होऊन दुखलें कीं मूल भितें. मग तें कोपऱ्यांत पाय आवळून वेग रोखतें. मोठ्यांना मात्र तें कुंथत आहे असें वाटतें. रोखलेल्या मळांतील पाणी आंतडें शोषून घेतें, मळ कठीण होतो व पुढच्या वेळीं अधिक दुखतें. हळूहळू वेगाची जाणीव बोथट होते, आणि सांचलेल्या मळाच्या कडेनें पातळ मळ नकळत झिरपतो. तेव्हां खराब चड्डी ही खोडी नव्हे व जुलाबही नव्हे. मारानें भीति वाढते, आणि भीतीनें मलावरोध.

म्हणून प्रथम हें आठवावें, कीं त्रास कधीं सुरू झाला? वरचें अन्न देतांना, शौचाची संवय लावतांना, कीं शाळेंत घातल्यावर? शाळेंतील शौचकूप घाणेरडा आहे काय? दूधच फार आणि भाकरी, भाजी, पाणी कमी, असें तर नाहीं ना?

कांहीं खुणा मात्र वेगळ्या. जन्मानंतरचा पहिला काळा मळ ४८ तासांनंतर झाला असेल, तर डेन्मार्कचे डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनीं १८८६ सालीं वर्णिलेल्या विकाराची शंका घ्यावी लागते. त्यांत आंतड्याच्या शेवटच्या भागांत ज्ञानतंतूंच्या पेशी जन्मतःच नसतात. पोट फुगणें, हिरवी वांती, वाढ खुंटणें, पायांत अशक्तपणा, कंबरेखालीं पाठीच्या कण्यावर केंसांचा झुबका, यांपैकीं कांहीं दिसल्यास विलंब न करतां बालरोगतज्ज्ञांकडे जावें. थायरॉईड ग्रंथीचें मांद्य किंवा गव्हाची बाधा हींही कारणें ते तपासतात. शहरांतील 'घाटी' या शासकीय रुग्णालयांत ही सोय आहे.

रोग नसल्यासही सांचलेला मळ डॉक्टरांच्या औषधानें मोकळा करून तें औषध कांहीं महिने चालू ठेवावें लागतें. चार दिवसांनीं गुण आला म्हणून सोडूं नये. जेवणानंतर पांच-दहा मिनिटें, पायांखालीं पाट देऊन, मुलास निवांत बसवावें. आणि मुख्य म्हणजे, घरांतील सर्वांनीं एकच गोष्ट ठरवावी : या कारणावरून मुलास कोणीं हंसूं नये, कोणीं मारूं नये.