नापासाचा कागद आधी वाचा
लेखमाला : सातासमुद्रापारची ड्युटी – लेखांक सहावा

अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेत नापास झालेल्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात मिळणारे सल्ले ठरलेले असतात. सॉन्डर्स पुन्हा पहिल्या पानापासून वाच. तो क्लास सोड, हा लाव. थिअरी बंद कर, नुसते प्रश्न सोडव. नोकरी सोड आणि दहा-दहा तास बस. सांगणारी स्वतः पास झालेली असते, म्हणून सल्ला पटतोही. पण तिला जे कमी पडत होतं ते तिनं भरून काढलं. तुमचंही तिथंच अडलंय, हे कशावरून?

मागच्या लेखांकात परीक्षेचा संगणक प्रश्न कसे निवडतो ते पाहिलं. आज त्याच्या पुढची गोष्ट. अभ्यासाची पद्धत बदल, हे सगळेच सांगतात. कशाच्या आधारावर बदलायची, ते फारसं कुणी सांगत नाही. खरं तर तो आधार घरी आलेला असतो. नापास उमेदवाराला नर्सिंग बोर्डामार्फत कामगिरीचा अहवाल मिळतो. पास झालेल्यांना तो मिळत नाही. बहुतेक जणी तो एकदा उघडतात, डोळे पुसतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

अहवालात परीक्षेचे आठ विभाग असतात आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा: उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर, रेषेजवळ किंवा रेषेखाली. सगळ्या विभागांचं वजन सारखं नसतं. 2023 च्या आराखड्यात रुग्णसेवेचं व्यवस्थापन, म्हणजे कुणाला आधी पाहायचं, कुणाकडे कोणतं काम सोपवायचं, हा भाग सर्वांत मोठा, 15 ते 21 टक्के. त्याखालोखाल औषधोपचार, 13 ते 19 टक्के. मानसिक-सामाजिक आरोग्य, आरोग्यसंवर्धन आणि मूलभूत शुश्रूषा यांना प्रत्येकी 6 ते 12 टक्के. त्यामुळे आरोग्यसंवर्धनात ‘रेषेखाली’ आलं म्हणून महिनाभर लसीकरणाची वेळापत्रकं पाठ करत बसणं आणि व्यवस्थापनात ‘रेषेजवळ’ आलं म्हणून निर्धास्त राहणं, हा हिशेब उलटा आहे. शिवाय लहान विभागात मुळात मोजकेच प्रश्न वाट्याला येतात. तिथला शेरा दगडावरची रेघ समजू नका.

किती प्रश्नांनंतर परीक्षा थांबली, हेही पाहा. किमान 85, कमाल 150. त्यातले 15 प्रश्न प्रायोगिक असतात आणि त्यांचे गुण धरत नाहीत. ते कोणते, हे उमेदवाराला कळत नाही. संगणकाला तुमच्याबद्दल 95 टक्के खात्री झाली की तो थांबतो, मग ती खात्री पास असल्याची असो वा नापास असल्याची. ‘85 ला बंद झालं म्हणजे पास’ ही समजूत नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची लाडकी अफवा आहे. 85 ला थांबून नापास झाला असाल, तर रेषा बरीच दूर होती. 150 पर्यंत गेलात, तर तुम्ही रेषेच्या आसपास घुटमळत होता आणि संगणकाला शेवटपर्यंत ठरवता येत नव्हतं. या दोघींनी एकसारखा अभ्यास करण्यात काहीच अर्थ नाही. पहिलीला पाया पुन्हा घालायचाय, दुसरीला ठरावीक चुका थांबवायच्यात.

‘पेपर फार अवघड गेला’ ही आठवण मात्र हिशेबात धरू नका. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, त्यामुळे उत्तम उमेदवाराचेही बरेच प्रश्न चुकतात. हॉलमधून बाहेर पडताना वाटलेल्या भीतीला काही अर्थ नसतो.

आता मुख्य मुद्दा. अहवाल कुठे चुकलं ते सांगतो, का चुकलं ते सांगत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं, आणि पद्धत त्यावरच ठरते. एक प्रश्न घेऊ.

सकाळी सातला तुम्ही ओव्हर घेतलीत. चार रुग्ण आहेत. आधी कुणाकडे जाल? पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस असलेल्या बाई, दुखणं दहापैकी सात. सीओपीडीचे आजोबा, सॅच्युरेशन 90 टक्के. डायबेटीसचे काका, नाश्त्याआधीची शुगर 220. आणि काल मांडीचं हाड मोडलेला पंचविशीतला तरुण, जो पहाटेपासून अचानक असंबद्ध बोलतोय आणि ज्याचा श्वास वाढलाय.

उत्तर तो तरुण. लांब हाड मोडल्यावर साधारण 24 ते 72 तासांत चरबीचे कण रक्तातून फुफ्फुसात आणि मेंदूत जाऊन अडकू शकतात; गोंधळलेपणा आणि श्वास वाढणं ही त्याची पहिली लक्षणं. समजा, तीन जणी चुकल्या आणि तिघींनीही आजोबांवर टिचकी मारली. क्लासच्या हिशेबात तिघींची चूक एकच, ‘प्रायोरिटीमध्ये कच्ची’. प्रत्यक्षात पहिलीला माहीतच नव्हतं की सीओपीडीच्या रुग्णात 88 ते 92 हीच अपेक्षित पातळी धरतात. दुसरीला ते माहीत होतं, चरबीच्या गुठळीबद्दलही तिनं वाचलं होतं; पण ‘एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन’ हा मंत्र म्हणत तिनं ऑक्सिजनचा आकडा दिसताच बोट ठेवलं. तिसरीला सगळं येत होतं. तिनं ‘अचानक’ हा शब्द वाचलाच नाही. प्रश्न तिला सव्वाशेव्या क्रमांकावर आला होता आणि डोकं थकलं होतं.

पहिलीनं पुस्तक उघडावं. दुसरीनं पुस्तक बंद करून निर्णयाचे प्रश्न सोडवावेत आणि प्रत्येक वेळी उरलेले तीन पर्याय का नाहीत, हे मोठ्यानं सांगावं. ‘हे जुनं की नवं, अपेक्षित की अनपेक्षित, स्थिर की ढासळणारं’ हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिसरीनं आठवड्यातून एकदा सलग तीन-चार तास, मोबाइल दूर ठेवून, पूर्ण लांबीची सराव परीक्षा द्यावी. पाच तासांत 150 प्रश्न म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटं. इतका वेळ लक्ष टिकवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि दहा-दहा प्रश्नांच्या तुकड्यांनी ते येत नाही. तिघींनी मिळून एकच क्लास लावला, तर फी तिघींची जाईल, उपयोग एखादीलाच होईल.

म्हणून नवं काही विकत घेण्याआधी सराव-प्रश्नांमधले चुकलेले पन्नासेक प्रश्न काढा आणि प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: ‘माहिती’, ‘निर्णय’ किंवा ‘वाचन’. पन्नासातल्या तीसांपुढे ‘माहिती’ आलं, तर सल्ला देणारी मैत्रीण काहीही म्हणो, तुम्हाला वाचायचंच आहे.

पण वाचायचं कसं? इथे आपल्या शाळा-कॉलेजच्या सवयी आडव्या येतात. रंगीत पेननं अधोरेखन, नोट्स उतरवून काढणं, तोच धडा चार वेळा वाचणं. मानसशास्त्रज्ञ डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला गेलं. वर राहिल्या दोन पद्धती, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यासात अंतर ठेवणं. त्याआधी 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. फसगत नेमकी इथे होते. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळख म्हणजेच ज्ञान असं वाटू लागतं. म्हणून हार्ट फेल्युअरचं प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा: डिगॉक्सिन देण्याआधी काय मोजायचं, किती आलं तर थांबायचं, पोटॅशियम कमी झालं तर काय होतं. जे लिहिता आलं नाही, तेवढंच पुन्हा वाचा.

प्रश्नपेढीचंही तसंच. यूवर्ल्ड घ्या, आर्चर घ्या, माझ्या मते त्यानं फारसा फरक पडत नाही. एकच घ्या आणि पूर्ण करा. तीन पेढ्या अर्ध्या-अर्ध्या सोडवणारीचा वेळ प्रश्नांत जातो, स्पष्टीकरणं वाचायची राहून जातात. विषयवार संच सुरुवातीला ठीक, पण ‘आज किडनी’ असं ठरवून बसलात की अर्धं उत्तर संचाच्या नावातच मिळतं. परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर विषय लिहिलेला नसतो. लवकरात लवकर मिश्र संचांकडे वळा. टक्के घसरतील, घसरू द्या. आणि तीच पेढी दुसऱ्यांदा सोडवून 80 टक्के आले, तर हुरळून जाऊ नका. तुम्हाला उत्तरं आठवत होती.

परीक्षेत आलेले प्रश्न म्हणून टेलिग्रामवर विकल्या जाणाऱ्या ‘रिकॉल’ फायलींना हात लावू नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा नियम मान्य केलेला असतो, आणि तो मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्या फायलीत कुणाच्या तरी चुकीच्या आठवणी असतात.

महाराष्ट्रात शिकलेल्या सिस्टरांसाठी आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपली कित्येक उत्तरं अज्ञानामुळे चुकत नाहीत, वॉर्डच्या सवयीमुळे चुकतात. आपल्याकडे काही बिघडलं की पहिलं काम ‘डॉक्टरांना कळवलं’. एनक्लेक्समध्ये हा पर्याय पुष्कळदा सापळा असतो. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजली, कंबर दुखू लागली, तर आधी रक्त बंद करायचं, नव्या नळीतून सलाईन सुरू करायचं, मग कळवायचं. फोन लागेपर्यंत रक्त चालूच राहिलं, तर तुम्ही नापास आणि रुग्ण धोक्यात. कामाच्या वाटणीचंही तसंच. आपल्या वॉर्डात मावशी, मामा, ट्रेनी आणि स्टाफ यांच्यातली रेघ इन्चार्ज सिस्टरच्या सोयीनं सरकते. तिकडे ती कायद्यानं आखलेली आहे: मदतनीस स्थिर रुग्णाचं टेंपरेचर घेईल, आंघोळ घालेल, पण मूल्यमापन, रुग्णशिक्षण आणि निर्णय परवानाधारक नर्सकडेच. दहा वर्षांचा अनुभव असलेली सिस्टर इथे नव्या मुलीपेक्षा जास्त अडखळते, ते यामुळेच.

औषधांची नावंही वेगळी. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिन एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, पेथिडिन मेपेरिडिन, लिग्नोकेन लिडोकेन. रोज हातानं भरलेलं इंजेक्शन पडद्यावर अनोळखी दिसतं. चुकलेल्या औषधोपचाराच्या प्रश्नांत अशी किती नावं आहेत ते वेगळं मोजा. ते ‘माहिती’तलं नुकसान दोन आठवड्यांत भरून निघतं.

वेळेबद्दल थोडक्यात. पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. 45 दिवस ही मुदत आहे, उद्दिष्ट नाही. भारतातून परीक्षा देताना 200 डॉलर नोंदणी आणि वर 150 डॉलर आंतरराष्ट्रीय केंद्राचे, शिवाय कर. महिन्याचा पगार एका सकाळी जातो. 85 ला नापास झालेल्या मुलीनं एजंटच्या घाईखातर सेहेचाळिसाव्या दिवसाची तारीख घेणं मला अजिबात मान्य नाही. दुसरीकडे वर्षभर लांबवणंही बरं नाही. जे पक्कं होतं तेही निसटतं.

नोकरी सोडण्याची गरज बहुतेकींना नसते. अंतर ठेवून अभ्यास करायचा, तर शिफ्ट आड येत नाही. मॉर्निंग करून आल्यावर पंचवीस प्रश्न आणि त्यांची स्पष्टीकरणं, एवढं पुरे. चुकलेला प्रश्न दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी परत विचारा. नाईट करून आल्यावर मात्र झोपा. झोपेत स्मृती पक्की होते, हे आता वादाचं राहिलेलं नाही. जागरण करून सोडवलेल्या शंभर प्रश्नांतून हाती फारसं काही लागत नाही.

पुढच्या लेखांकात 2023 पासून आलेल्या केस स्टडी पाहू: प्रत्येकीत सहा प्रश्न, आणि निर्णयाच्या सहा पायऱ्या. तोपर्यंत अहवाल पुन्हा उघडा, ते पन्नास चुकलेले प्रश्न काढा आणि प्रत्येकापुढे तो एक शब्द लिहा. क्लासची फी त्यानंतरच भरा.