संगणकाचं बिऱ्हाड हलवताना

उमेदचा ग्रामसंघ असो की माविमचं लोकसंचालित साधन केंद्र, जिथे कचेरीत संगणक आला, तिथे बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, आधारकार्ड-पासबुकाच्या प्रती, सगळं त्यातच साठत जातं. मग एक दिवस सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, संगणक रखडतो. आपण अकोल्याला नाही तर अमरावतीला दुकानात नेतो. तिथे ऐकायला मिळतं, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू." फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं. आत ठेवलेला हिशेबही त्यात जातो. म्हणून आज आम्ही दुसरी वाट सांगतो: आहे तसं बिऱ्हाड मोठ्या डिस्कवर हलवायचं.

नुसत्या फाइली कॉपी करून ते होत नाही. संगणक सुरू होताना डिस्कवरचा एक लहानसा लपलेला भाग शोधतो. विंडोज कुठे आहे, हे त्याला तिथून कळतं. कॉपी-पेस्टमध्ये तो भाग येत नाही आणि संगणक सुरूच होत नाही. त्यासाठी सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल करावी लागते. तिला क्लोन म्हणतात. क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं.

दुकानात पाच गोष्टी सांभाळा.

एक, आधी हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची 48 अंकी चावी लिहून ठेवा.

दोन, जुनी डिस्क कोणती, नवी कोणती, हे नाव आणि आकार वाचून ठरवा. दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं.

तीन, या कामाला काही तास लागू शकतात. मध्येच लाईन गेली तर नक्कल अर्धवट राहते. यूपीएस असल्याशिवाय सुरू करू देऊ नका.

चार, पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा. एकट्या नव्या डिस्कवर तो सुरू झाला, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, की मगच पैसे द्या.

पाच, सी ड्राइव्हचा आकार पाहा. 256 जीबीवरून 1 टीबीवर गेलो तरी वाढीव जागा पुष्कळदा वेगळी, बिनवापराची पडून राहते. ती सी ड्राइव्हला जोडून घ्यायची असते.

एक ध्यानात ठेवा. घर मोठं झालं तरी माणसं तीच असतात. जुनं विंडोजच तिकडे जातं, व्हायरस असला तर तोही जातो. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. तेव्हा तुमचा संगणक विंडोज 11 घेऊ शकतो का, हेही विचारून घ्या.

जुनी डिस्क दुकानात सोडू नका, भंगारात तर मुळीच नाही. पुसलेल्या फाइली परत काढता येतात आणि त्यात आपल्या बायांचे आधार क्रमांक आहेत. तारीख लिहून ती दोन-तीन महिने कचेरीच्या कपाटात कुलपात ठेवा.

हे काम एकटीवर टाकू नका. मासिक बैठकीत ठराव घ्या, दोघी जणी सोबत जा आणि काम होईपर्यंत तिथेच बसा. संगणक दुरुस्त करणारा दुसरा असला, तरी त्यातला हिशेब आपला आहे.