पलटणीचा संसार जामदारखान्यात

लष्करातला माणूस पेन्शन घेऊन घरी येतो. त्याच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक येते. ट्रंकेत काय असते? जुना कोट, कमरेचा पट्टा, दोन-चार पदके, एखादा फोटो, पेन्शनीचे कागद. तो माणूस आहे तोवर ट्रंक जपली जाते. पुढे घरात माणसे वाढतात. ट्रंक जागा अडवू लागते. मग ती माळ्यावर जाते. कोटाला कसर लागते. पदक पोरांच्या खेळात कुठेतरी हरवते.

आता असे समजा की एक माणूस नव्हे, अख्खी पलटणच निवृत्त झाली. तिची ट्रंक केवढी असेल? आणि ती ठेवायची कुणाच्या माळ्यावर? इंग्लंड देशात दोन जुन्या पलटणींवर अशीच पाळी आली होती. त्यांच्या ट्रंकेला जागा कशी मिळाली, ती हकिकत सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजांच्या पायदळ पलटणी जिल्ह्या-जिल्ह्याच्या असत. आपण 'मराठा पलटण' म्हणतो ना, तसेच ते 'बर्कशायरची पलटण', 'विल्टशायरची पलटण' म्हणत. बर्कशायर आणि विल्टशायर हे दक्षिण इंग्लंडमधले दोन शेजारी जिल्हे. बर्कशायरच्या पलटणीचे ठाणे रेडिंग गावी होते. विल्टशायरचे ठाणे डिव्हायझेस गावी होते. जिल्ह्यातली पोरे तिथे भरती व्हायची, तिथेच कवायत शिकायची, आणि तिथून जगभर जायची. बाप गेला त्या पलटणीत मुलगा जायचा.

लढायांतून येताना पलटण नाना वस्तू आणी. कुठे शत्रूची तलवार, कुठे ढोल, कुठे मेलेल्या मित्राची टोपी. कुणी शिपाई मेला की त्याची विधवा त्याची पदके पलटणीकडे देई. म्हणे, माझ्यामागे कोण सांभाळणार? असा साठा वाढत गेला. ठाण्यातल्याच एखाद्या खोलीत तो मांडून ठेवत. हेच पलटणीचे वस्तुसंग्रहालय, म्हणजे म्युझियम.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. इंग्रजांचे राज्य आटोपत आले. एवढी फौज कशाला पोसायची, असे त्यांच्या सरकारला वाटू लागले. १९५९ साली बर्कशायर आणि विल्टशायर या दोन पलटणी मोडून एक केल्या. नवे नाव पडले 'ड्यूक ऑफ एडिंबरोज रॉयल रेजिमेंट'. माणसे एक झाली. पण वस्तू दोन गावांत राहिल्या. शिवाय लष्कराच्या ठाण्याची एक अडचण असते. दारावर पहारेकरी. साधा माणूस आत शिरायला बिचकतो. ज्या विधवेने पदके दिली, तिच्या नातवाला ती पाहायची तर परवानगी काढा! आणि आज ठाणे आहे, उद्या सरकारने दुसऱ्या कामाला घेतले तर वस्तू रस्त्यावर. दोन भावांचे घर एक झाले, मग भांडीकुंडी दोन ठिकाणी कशाला, असा विचार पुढे आला. जागेचा शोध सुरू झाला.

विल्टशायर जिल्ह्यात सॉल्झबरी नावाचे गाव आहे. तिथे ख्रिस्ती लोकांचे एक प्रचंड देऊळ आहे. त्याला कॅथीड्रल म्हणतात. त्याचे शिखर १२३ मीटर, म्हणजे ४०४ फूट उंच आहे. देवळाभोवती मोठे आवार आहे, आवाराला वेशी आहेत, आणि आत जुनी घरे आहेत. त्यांतले एक घर इ. स. १२५४ सालचे. केवढे जुने? आपली ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. हे घर तिच्याहून ३६ वर्षांनी थोरले. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते.

हे घर बांधले ते बिशपसाठी. बिशप म्हणजे तिथला मोठा धर्मगुरू. पण तो त्यात राहत नसे. त्याचे भारी झगे, सामानसुमान, कागदपत्र ठेवायला ही कोठी होती. कोल्हापूरच्या राजवाड्याचा जामदारखाना ऐकून माहीत असेल. कपडे आणि जडजवाहीर ठेवायची जागा. तसाच हा बिशपचा जामदारखाना. इंग्रजीत त्याला 'वॉर्डरोब' म्हणतात. आज शहरात कपड्यांच्या कपाटाला वॉर्डरोब म्हणतात, तोच शब्द. तेव्हा अख्ख्या घराला लावत.

पुढे सोळाव्या शतकात हे घर बिशपकडून देवळाच्या कारभारी मंडळींकडे गेले. त्यांनी ते भाड्याने दिले. कुटुंबे आली, राहिली, गेली. ज्याने त्याने आपल्या सोयीने भिंती घातल्या, खिडक्या पाडल्या. विसाव्या शतकात तिथे मुलींचे वसतिगृह झाले. शाळामास्तरीण होण्यासाठी शिकणाऱ्या त्या मुली. त्यांचे ट्रेनिंग कॉलेज १९७८ साली बंद पडले.

आता घर रिकामे. घर रिकामे राहिले की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. चूल पेटत नाही, दारे उघडत नाहीत. कौल सरकते, पाणी आत येते, आणि कुणाला कळतही नाही. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते. गावोगावचे वाडे असेच बसले. भांडणाने बसले त्याहून कुलपाने अधिक बसले, असे माझे मत आहे.

एकीकडे घराला माणूस नाही. दुसरीकडे पलटणीच्या वस्तूंना घर नाही. देवळाच्या मंडळींनी घर पलटणीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. मालकी देवळाचीच राहिली. डागडुजी पलटणीच्या मंडळींनी करून घेतली. १९८२ साली तिथे म्युझियम उघडले. कपड्यांच्या कोठीत पुन्हा कपडे आले. या वेळी शिपायांचे.

वाचताना हे सोपे वाटते. पण सामान हलवणे म्हणजे गाडीत टाकले आणि नेले, असे नाही.

पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक वस्तूला एक आकडा द्यायचा. वहीत लिहायचे: वस्तू काय, कुणाची, कुणी दिली, कधी दिली, कुठे फाटली-मोडली आहे. कोटावर शाईने आकडा घालायचा नाही. कापडी फितीवर लिहून ती फीत हलक्या टाक्याने आतून शिवायची. ही वही हरवली तर काय होईल? तलवार म्हणजे नुसते लोखंड, आणि कोट म्हणजे नुसते जुने कापड. कुणाचा, हे कळले तरच त्याला किंमत.

पदकांचे जरा सोपे असते. पहिल्या महायुद्धाच्या इंग्रजी पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. आपल्या शिपायांच्या पदकांवरही असते, बरे का. तुमच्या घरी पणज्याचे पदक असेल तर कड उजेडात धरून पाहा. अक्षरे इंग्रजी आहेत. वाचणारा कुणी तरी शेजारी सापडेल. मात्र पदक राखेने किंवा चिंचेने घासू नका. चकचकीत होईल खरे, पण घासता घासता नाव पुसून जाईल. चांदी मळकी दिसली तर दिसू द्या.

दुसरे काम उजेडाचे. उन्हात वाळत घातलेले लुगडे विटते, हे घरोघरच्या बायांना ठाऊक आहे. शिपायाचा तांबडा कोटही विटतो. म्हणून खिडक्यांना पडदे लावायचे, दिवे मंद ठेवायचे. पाहणाऱ्याला वाटते, काय हा अंधार! पण तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. पलटणीचे निशाण रेशमी असते. जुने झाले की ते आपल्याच वजनाने फाटते. पूर्वी अशी निशाणे देवळात टांगत आणि तशीच विरू देत. त्यात त्यांची एक भावना होती. म्युझियमवाले मात्र ते निशाण सपाट पसरतात किंवा बारीक जाळीत धरतात.

तिसरे काम ओलीचे. या घरामागे बाग आहे आणि बागेच्या टोकाशी एव्हन नदी वाहते. नदीकाठचे घर म्हणजे ओल आली. ओल आली की लोखंडाला गंज आणि कागदाला बुरशी. जुन्या भिंती चुन्याच्या असतात. चुना ओल शोषतो आणि सोडतो. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते. आपल्याकडे पुष्कळ वाड्यांना आणि देवळांना हौसेने सिमेंट फासले आहे. वरून गुळगुळीत दिसते, पण दहा वर्षांत पोपडे पडू लागतात. जुन्या घराला चुनाच हवा.

भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी. घर जुने, कायद्याने राखलेले. म्हणून काचेची कपाटे आपल्या पायांवर उभी करायची. वरच्या मजल्याची जमीन लाकडी. जड वस्तू एका ठिकाणी साठवायच्या नाहीत. दाराची चौकट अरुंद असली तर कपाट लहान करायचे, चौकट फोडायची नाही. नव्या पाहुण्याने घराच्या रीतीने वागायचे, एवढेच.

आता आत काय आहे ते सांगतो. सगळे सांगत नाही. एक कुत्रा सांगतो.

त्याचे नाव बॉबी. लहानसा, पांढरट, कुठल्या एका जातीचा म्हणता येणार नाही असा. बर्कशायरची पलटण तेव्हा '६६ वी' म्हणून ओळखली जाई. बॉबी त्या पलटणीतल्या सार्जंट केली याचा. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे लढाई झाली. एका बाजूला अयूबखानाची मोठी फौज. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचे सुमारे अडीच हजार लोक. त्यांत गोरी पलटण ही एकच, ६६ वी. बाकी बहुतेक सगळे मुंबई फौजेतले हिंदी लोक: मुंबई ग्रेनेडियर्स, जेकब रायफल्स, घोडेस्वार, आणि मुंबई सॅपर्सची एक तुकडी. सॅपर्स म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे शिपाई. त्यांचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. ते आजही तिथेच आहे.

इंग्रजांचा पुरता पराभव झाला. त्यांच्या बाजूची साडेनऊशेच्या वर माणसे मेली. ६६ व्या पलटणीची पावणेतीनशेच्या वर गेली. शेवटी दोन अधिकारी आणि नऊ शिपाई असे अकराजण उरले. ते एका बागेतून बाहेर पडले आणि लढत लढत मेले. ही हकिकत त्यांच्या माणसांनी सांगितलेली नाही, सांगायला कुणी उरलेच नव्हते. ती अफगाण फौजेतल्या एका अधिकाऱ्याने सांगितली. पलटणीची दोन्ही निशाणे तिथेच गेली. बॉबी त्या शेवटच्या लोकांत होता. तो जखमी झाला, पण वाचला आणि कंदाहारकडे परतणाऱ्या लोकांना जाऊन मिळाला. पुढे १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात अफगाण युद्धाचे पदक घातले. आणि दैव पाहा, तोफांतून वाचलेला हा कुत्रा १८८२ साली इंग्लंडमध्ये एका भाड्याच्या घोडागाडीखाली सापडून मेला! लोकांनी त्याचे कातडे भरून ठेवले. तो पदकासह काचेच्या कपाटात उभा आहे.

कुत्र्याचे कौतुक झाले ते ठीकच. पण मनात येते, इंग्रज तिथे गेले होते कशाला? मुलूख अफगाणांचा. त्यांच्याकडे याच लढाईतल्या मलालई नावाच्या मुलीची गोष्ट सांगतात. तिने आपल्या ओढणीचे निशाण केले आणि माघार घेणाऱ्यांना परत फिरवले. आणि खडकीचे जे सॅपर्स मेले, त्यांची नावे किती जणांना माहीत आहेत? एका म्युझियममध्ये एकाच बाजूची ट्रंक असते. हे ध्यानात ठेवून ती पाहावी.

विल्टशायरच्या लोकांची आठवण पंजाबातली आहे. डिसेंबर १८४५ मध्ये फिरोजशहा येथे शिखांशी लढाई झाली. तीत त्यांच्या ६२ व्या पलटणीचे बहुतेक अधिकारी पडले. सार्जंटांनी पलटण चालवली. त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्या दिवशी अधिकारी निशाणे सार्जंटांच्या हाती देत. खालच्या माणसाचे उपकार वरचा माणूस वर्षातून एकदा चारचौघांत मान्य करतो, ही रीत मला आवडली.

१९९४ साली ही पलटणही दुसऱ्या एका पलटणीत मिसळली. २००७ साली आणखी एक बदल झाला आणि सगळ्यांची मिळून 'रायफल्स' झाली. म्युझियमच्या नावातही रायफल्स आले. आतल्या वस्तू हलल्या नाहीत. ठाण्यात असत्या तर आतापर्यंत किती वेळा हलवाव्या लागल्या असत्या, कोण जाणे.

त्यांत पलटणींच्या रोजनिशीही आहेत. लढाईत असताना रोज काय घडले ते अधिकाऱ्याने लिहून ठेवायचे, असा नियम होता. स्वयंसेवकांनी बसून महायुद्धांच्या रोजनिशींची पाने वाचली आणि सर्वांना वाचता येतील अशी उतरवून काढली. विल्टशायरची ५ वी बटालियन १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठी लढत होती. कशासाठी? कूट या गावात वेढ्यात अडकलेल्या फौजेला सोडवण्यासाठी. ती फौज होती पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. विल्टशायरवाले पोहोचू शकले नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यामुळे कूट पडले आणि आपली माणसे कैदेत गेली.

सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावी अजून दगडी किंवा संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके मेले, असे त्यांवर लिहिलेले असते. पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत. नावे असलीच तर ती कुणाच्या तरी ट्रंकेत, पदकाच्या कडेवर आहेत.