कपट आणि चातुर्य : एडीन आणि दमयंती

प्रेमकथेत कपट आले की आपण नाक मुरडतो. परंतु कपट कोण करतो आणि कशासाठी करतो, हे पाहिल्यावाचून निवाडा करू नये, असे आम्हांस वाटते.

आयर्लंडच्या पुराणकथांत एडीनची एक जुनी कथा आहे. मिदिर या देवाची ही पत्नी मत्सराच्या जादूने माशी होते आणि पुढे मानवी जन्म घेऊन तारा येथील राजा एओखाइद याची राणी होते. मिदिर तिला न्यायला येतो, तेव्हा नवऱ्याने दिले तरच येईन, असे ती सांगते. मग मिदिर राजाशी बुद्धिबळासारखा एक खेळ मांडतो. आधी मुद्दाम हरतो, राजाला लोभात पाडतो आणि शेवटचा डाव जिंकून एडीनला मिठी मारण्याचा पण वसूल करतो. दारे बंद, भोवती सैनिक. तरी दोघे राजहंस होऊन धुराड्यावाटे निघून जातात. राजा पाठलाग करतो, तेव्हा मिदिर हुबेहूब एडीनसारख्या पन्नास स्त्रिया पुढे उभ्या करतो. पेय वाढण्याच्या कौशल्यावरून राजा एक निवडतो आणि फसतो. ती त्याची स्वतःचीच कन्या निघते.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. मुळशीच्या खोऱ्यात कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला नल-दमयंतीचे आख्यान नवे नाही. महाभारताच्या वनपर्वात ते आहे आणि रघुनाथ पंडितांनी ते मराठीत आणले. तेथेही द्यूत आहे, हंस आहे आणि एकसारखी रूपेही आहेत. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात. पाच नलांतून एक निवडायचा! दमयंती कौशल्याची परीक्षा घेत नाही. ती आपल्या सत्याची शपथ घालून देवांनाच खरे रूप दाखवायला लावते. घाम न येणारे, पापणी न लवणारे, जमिनीला पाय न टेकणारे ते देव; उरला तो नल.

पुढे द्यूतात राज्य गमावलेला नल तिला अरण्यात टाकून जातो आणि विरूप होऊन अयोध्येत ऋतुपर्णाचा सारथी बनतो. तेव्हा कपट करण्याची पाळी दमयंतीची येते. बापाला न कळविता, आईच्या संमतीने ती ऋतुपर्णाला निरोप धाडते : उद्या सूर्योदयी माझे दुसरे स्वयंवर आहे. एका दिवसात शंभर योजने रथ हाकणारा पृथ्वीवर नलच. ऋतुपर्ण येतो, तो कुंडिनपुरात मंडप नाही की पाहुणे नाहीत! दमयंती मात्र दासीकरवी सारथ्याची पारख करते. त्याच्यापुढे अग्नी आपोआप पेटतो, रिकामी भांडी पाण्याने भरतात, रांधलेल्याला नलाच्या हातची चव असते. ही सारी त्या देवांचीच वरदाने. ज्यांनी एकदा नलाला झाकले, त्यांच्याच देणग्या आता त्याला उघड करतात.

या कपटाची किंमत लहान नव्हती. दुसऱ्या स्वयंवराची वार्ता म्हणजे पतिव्रतेच्या नावावर डाग. नलाने तिला त्याचाच जाब विचारला, आणि वायूने साक्ष दिली तेव्हा तो निवळला. तिने स्वतःचे नाव पणाला लावले होते. मिदिर आणि एओखाइद या दोघांनी पणाला लावली ती एडीन. तिला कोण हवा, हे पन्नास सारख्या मुखांपुढे उभ्या राहिलेल्या राजाने विचारलेच नाही.

दोन्ही कथांत युक्ती आहे. परंतु एकीत ती माणसाला झाकते, दुसरीत झाकलेल्याला बाहेर काढते. कपट आणि चातुर्य यांतली सीमा आम्हांस येथे दिसते.