घडलं स्टालिनसाठी, नांदलं मोंटानात

पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या कारखान्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९४६ ते १९४८ या काळात विजेची वीस इंजिनं घडवली. गिऱ्हाईक होतं सोव्हिएत सरकार. युद्धातली दोस्ती अजून पुरती विटली नव्हती. म्हणून इंजिनांच्या चाकांमधलं अंतर रशियन रुळांप्रमाणे पाच फूट ठेवलं होतं, म्हणजे अमेरिकन गेजपेक्षा साडेतीन इंच जास्त आणि आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अर्धा फूट कमी. इंजिनं पूर्ण होता होता शीतयुद्ध पेटलं आणि १९४८ साली अमेरिकन सरकारने असा माल रशियाला पाठवायला बंदी घातली. तोवर चौदा इंजिनं पाच फुटी गेजची झाली होती. उरलेली सहा निमूटपणे अमेरिकन गेजवर उतरली.

जोसेफ स्टालिनची इंजिनं म्हणून रेल्वेवाल्यांनी त्यांचं नाव पाडलं ‘लिटल जो’. जवळपास ८९ फूट लांब, अडीचशे टनांच्या आसपास वजन, पाच हजारांवर अश्वशक्ती, आणि हे म्हणे लिटल! मधले आठ आस मोटरवर फिरणारे, दोन्ही टोकांना दोन-दोन आस नुसते भार पेलणारे आणि वळणावर वाट दाखवणारे. एकूण चोवीस चाकं.

ऑर्डर रद्द झालेला माल कोण घेणार? खरं तर मिलवॉकी रोड या रेल्वेइतकं योग्य गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं. शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच मोंटानातल्या हार्लोटनपासून आयडाहोतल्या एव्हरीपर्यंत, रॉकी पर्वत ओलांडून, ४३८ मैलांवर तार टाकली होती. तारेत ३,००० व्होल्ट डी.सी., वीज डोंगरातल्या धरणांची, तांबं मोंटानाचंच. उतारावर येणारी गाडी मोटरांनाच जनित्र बनवून वीज परत तारेत सोडायची आणि ती चढणाऱ्या गाडीला मिळायची. पुढे वॉशिंग्टन राज्यातही तार पडली. पण या दोन तुकड्यांमधल्या दोनशेहून अधिक मैलांवर तार कधीच पडली नाही. तिथे आधी वाफेची, मग डिझेलची इंजिनं जोडायची आणि पलीकडे पुन्हा विजेची. या कंपनीचा सगळा स्वभाव मला त्या भगदाडात दिसतो: धाडस पहिल्या दर्जाचं, पण नेमक्या वेळी हात आखडता.

लिटल जोच्या बाबतीतही तेच घडलं. वीसच्या वीस इंजिनं सुट्या भागांसकट दहा लाख डॉलरला घ्यायची बोलणी झाली होती. भंगाराच्या भावापेक्षा थोडंसंच जास्त. संचालक मंडळाने पैसे द्यायला नकार दिला. मग पाच इंजिनं ब्राझीलच्या पाउलिस्ता रेल्वेने उचलली, तीन शिकागोजवळच्या साउथ शोअर लाइनने. १९५० साली कोरियाचं युद्ध सुरू झालं, इंजिनांची चणचण भासू लागली, तेव्हा मिलवॉकीचे साहेब परत आले. उरलेल्या बारा इंजिनांचे त्यांनी मोजले दहा लाखच.

बारांपैकी दहा इंजिनं मालगाड्यांना गेली, दोन प्रवासी गाड्यांना. घाटात त्यांनी जीव ओतला. त्यांची ताकद पुरती वापरता यावी म्हणून तारेतला दाब ३,४०० व्होल्टपर्यंत वाढवला गेला. विद्युत विभाग सांभाळणाऱ्या लॉरेन्स वायली यांनी तर एक झकास युक्ती काढली: लिटल जोच्या मागे डिझेल इंजिनं जोडायची आणि पुढच्या ड्रायव्हरने एकाच जागी बसून दोन्हींना हाकायचं. विजेने घाट चढायचा, तार संपली की पुढची वाट डिझेलची. मधल्या भगदाडावर निघालेला हा स्वस्तातला तोडगा.

साउथ शोअरच्या तीन इंजिनांचं नशीब निराळं. त्या लाइनवर दाब १,५०० व्होल्ट डी.सी., मुंबईत १९२५ साली पहिली विजेची गाडी धावली तेव्हा होता तितकाच. त्यामुळे या रशियन पाहुण्यांमध्ये बरेच फेरबदल करावे लागले. इंडियाना राज्यातल्या मिशिगन सिटी गावात या लाइनचे रूळ चक्क रस्त्याच्या मधोमध होते. अंगणापुढून ट्राम जावी तसं हे धूड मालडबे ओढत जायचं, आणि मोटारी बाजूला व्हायच्या.

मोंटानातला शेवट मात्र चटका लावणारा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तार आणि इंजिनं जुनी झाली होती, तांब्याला भाव होता आणि डिझेल स्वस्त होतं. १९७३च्या आरंभी कंपनीने विद्युतीकरण मोडीत काढायचं ठरवलं. त्याच वर्षाच्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं आणि डिझेलचे भाव कडाडले. तरीही निर्णय फिरला नाही. जून १९७४ मध्ये शेवटची विजेची मालगाडी धावली. तारा उतरवून विकायला काढल्या, तोवर तांब्याचे भावही घसरले होते. १९७७च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि १९८० साली तो मार्गच सोडून दिला गेला. डिझेल वापरल्यामुळेच ती बुडाली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही; दुखणी इतरही बरीच होती. हिशेब मात्र इतका सगळीकडून चुकलेला क्वचितच पाहायला मिळतो.

तिकडे ब्राझीलमध्ये ‘रूसा’, म्हणजे रशियन, या नावाने ती इंजिनं १९९०च्या दशकातही राबत होती. मिलवॉकीच्या बारांपैकी ई-७० हे एक इंजिन मोंटानातल्या डीअर लॉज गावात उभं आहे. वर तार नाही. साउथ शोअरचं ८०३ क्रमांकाचं इंजिन इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये आहे. तिथल्या तारेत आहेत ६०० व्होल्ट. ३,३०० व्होल्टसाठी घडलेलं ते इंजिन पेंटोग्राफ वर करतं आणि तेवढ्या विजेवर, सावकाश, चालतं.